दावं तुटण्याआधी

सकाळी तबेल्यात घोडा नसला की मालक रस्त्याकडे धावतो. त्याने आधी दार बघावं.

दाराची खालची फळी आतून बाहेर फुटली असेल तर घोड्याने लाथा घातल्या आहेत. साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराने दार फोडलं तर ते गुपचूप फुटत नाही. रात्री कुणीतरी ते ऐकलं असणार. अर्ध्या दाराच्या वरच्या कडेला छातीचे केस चिकटले असतील तर त्याने उडी घेतली, ती बहुधा अपुरी पडली, आणि दार अंगावर घेऊनच तो बाहेर पडला. दोराने बांधलेला असेल तर दोर तुटला की मेख उपटली, ते बघायचं. दोर एका हिसक्यात तुटतो; मेख हलवून हलवून सैल करावी लागते, त्याला वेळ जातो. आणि दार धड, फळी शाबूत, नुसती कडी सरकलेली असेल तर प्रकरण निराळंच. तो घोडा विचार करून गेला आहे.

असा पंचनामा सहसा होत नाही. होतं ते एवढंच की दोन माणसं दोन गोष्टी सांगतात. मालक म्हणतो, घोडा इतका गरीब, पोरंटोरं पोटाखालून जातात, आजवर कधी कान मागे टाकले नाहीत, काल रात्री अंगात काय शिरलं देव जाणे. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार बाजूला उभा असतो. त्याला सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर तो सांगतो, "काल सांजच्याला चंदी टाकली हुती त्यानं, साहेब. पाणीबी अर्धीच बादली प्याला." या दोघांपैकी मला मोतद्दाराचं म्हणणं जास्त पटतं, आणि हा सगळा लेख त्याच्या बाजूने आहे.

मोतद्दाराची ही नजर फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. माणूस स्वतः घोड्यावर आयुष्य काढलेला, त्यामुळे पुस्तकात बडबड कमी. तबेला कुठे बांधावा, याबद्दल त्याचं सांगणं असं की घोडा मालकाच्या नजरेला वारंवार पडेल अशा जागी. दाणे चोरीला जाऊ नयेत हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: घोड्याने दाणे टाकले तर ते त्याच वेळी दिसावं. दाणे टाकणारा घोडा थकला आहे, आजारी आहे किंवा त्याला खाणं बाधलं आहे, हे झेनोफनला ठाऊक होतं. आपल्याकडच्या मोतद्दारांनी झेनोफन वाचलेला नाही. त्याची त्यांना गरजही नाही.

शांतपणाची खात्री कुणी द्यावी, तर ती लंडनच्या राजघराण्याच्या घोडदळाने. त्या घोड्यांना वाद्यवृंद, झेंडे, लाखोंची गर्दी, बस, सायरन या सगळ्याची सवय लावलेली असते. शिस्तीची कसोटी म्हणून जगभर त्यांची छायाचित्रं छापली जातात. २४ एप्रिल २०२४ च्या सकाळी या दलाचे सात घोडे आणि सहा सैनिक सरावाच्या रपेटीसाठी बेलग्रेव्हिया भागातून चालले होते. शेजारी एका इमारतीचं काम सुरू होतं. तिथल्या कामगारांनी उंचावरून राडारोडा खाली सोडला, आणि घोडे उधळले. काही स्वार फेकले गेले. मोकळे घोडे ऐन कामाच्या वेळी मध्य लंडनच्या रस्त्यांवरून चौखूर सुटले. एका टॅक्सीवर आदळले, पर्यटकांच्या दुमजली बसची काच फुटली. त्यातले दोन घोडे सापडले ते पूर्वेकडे लाइमहाउसजवळ, म्हणजे सात-आठ किलोमीटरवर. विडा नावाचा पांढरा घोडा रक्ताने माखून धावतानाचं छायाचित्र त्या दिवशी जगभर गेलं. विडा आणि क्वेकर या दोघांवर शस्त्रक्रिया करावी लागली. आणि जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनात, उधळलेल्यांपैकी तीन घोडे पुन्हा रांगेत उभे होते. तितकेच शांत.

हा प्रसंग रस्त्यावरचा, तबेल्यातला नव्हे. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. शिकवलेला, खाऊनपिऊन सुखी, सोबत्यांमध्ये असलेला, पाठीवर ओळखीचा माणूस असलेला घोडासुद्धा एका आवाजाने उधळतो. म्हणजे शांतपणा घोड्याच्या भीतीला पुसून टाकत नाही. ती फक्त खाली दबलेली असते. प्रश्न इतकाच, की त्या दिवशी तीच ती भीती वर का आली. रोज हजार आवाज होतात, रोज घोडा उधळत नाही.

याचं अर्धं उत्तर घोड्याच्या डोळ्या-कानांत आहे. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. साहेबाचं ज्याने त्याने ठरवावं, घोड्यापुरतं ते नेत्रशास्त्राला धरून आहे. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांमध्ये घोड्याचा डोळा मोडतो. दोन्ही डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचं दिसतं. दिसत नाही ते थेट मागचं आणि कपाळासमोरचं थोडंसं. निळा आणि पिवळा त्याला ओळखू येतो; तांबडा-हिरवा हा भेद त्याच्या जगात नाही. अंधारात तो आपल्यापेक्षा चांगलं बघतो, पण उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात आल्यावर त्याच्या डोळ्यांना रुळायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रात्री काळोख्या तबेल्यात कुणी एकदम बॅटरीचा झोत टाकला तर काही काळ त्या घोड्याला नुसता उजेड दिसतो, त्यामागचा माणूस दिसत नाही.

कानांची गोष्ट याहून विचित्र आहे. माणसाला फार तर वीस हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं. घोड्याला तेहतीस हजारांच्या पुढे. वटवाघळाची काही किणकिण, बिघडलेल्या ट्यूबलाइटच्या चोकचा बारीक सूर, असं बरंच काही घोडा ऐकत असू शकतो, आणि शेजारी उभ्या माणसाला मात्र रात्र शांत वाटते. कान दोन्ही स्वतंत्र फिरतात. इतकी जय्यत तयारी असूनही आवाज नेमका कुठून आला, हे ओळखण्यात घोडा कच्चा आहे. अमेरिकेतल्या हेफ्नर दांपत्याने हे मोजून दाखवलं. दोन आवाजांमध्ये सुमारे पंचवीस अंशांचं अंतर असेल तरच घोड्याला त्यांच्या दिशा वेगळ्या कळतात. माणसाला एक-दीड अंश पुरतो.

आता हे एकत्र करून बघा. घोड्याला धोका ऐकू येतो लवकर, पण तो कुठे आहे ते नीट कळत नाही. मोकळ्या रानात यावर त्याच्याकडे फार चांगला उपाय आहे: आधी पळायचं, मग वळून बघायचं. माळावर दचकलेला घोडा थोडं अंतर तोडतो, थांबतो, वळतो, मान उंच करून, कान रोखून, नाकातून फुरफुरत त्या वस्तूकडे पाहतो. काही नाही असं दिसलं की पुन्हा चरायला लागतो. पळणं हा त्याच्या विचार करण्याचाच पहिला भाग आहे, असं म्हटलं तरी चालेल. बारा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत त्याला तो पहिला भागच करता येत नाही. अंतर तोडल्याशिवाय त्याला नीट बघता येत नाही आणि बघितल्याशिवाय जिवात जीव येत नाही. मग दोनच गोष्टी उरतात. जागच्या जागी गोठून जाणं किंवा दार.

आणि दाराकडे वळला की त्याचं शरीर तयारच असतं. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं. जीव घेऊन पळताना ते दोनशेच्या वर जातं. प्लीहेत साठवलेलं तांबड्या पेशींनी दाट झालेलं रक्त काही क्षणांत अंगभर सोडलं जातं. शर्यतीत ज्यावर लाखोंच्या पैजा लागतात, ती हीच यंत्रणा. तबेल्याच्या दाराला तिच्यापुढे टिकायचं असतं.

उरलेलं अर्धं उत्तर मला डेन्मार्कच्या एका प्रयोगात सापडतं. यान्ने विंथर क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्याने २००८ साली घोड्यांना लांडग्याचा वास दिला. अपेक्षा अशी की घोडे बिथरतील. ते बिथरले नाहीत. जरा जास्त हुंगलं, जरा जास्त सावध झाले, खाताना अधूनमधून डोकं वर काढलं, इतकंच. बघणाऱ्याने त्यांना शांत घोडेच म्हटलं असतं. मग त्याच वासासोबत एक अचानक आवाज केला. प्लास्टिकची पिशवी ओढल्याचा, अगदी किरकोळ. वास नसताना तो आवाज ऐकलेल्या घोड्यांपेक्षा वास घेतलेल्या घोड्यांची हृदयं कितीतरी जास्त धडधडली.

म्हणजे दोष पिशवीला देऊन भागत नाही. रात्री अकरा वाजता पत्र्यावर पडलेल्या नारळाच्या झावळीलाही देता येत नाही. संध्याकाळपासून काय साचत गेलं, ते शोधावं लागतं.

वरातीतल्या घोड्याचं उदाहरण घ्या. पाठीवर नवरदेव, पुढे बँड, मागे डीजे, कानाशी शिट्ट्या, पायांत फुटणारी लड, अनोळखी हात शेपटीला, कुणीतरी तोंडासमोर मोबाइलचा दिवा धरलेला. तो सगळं सोसतो. पाऊल चुकवत नाही, म्हणून त्याला मागणी असते. पण सोसलेलं अंगातून लगेच उतरत नाही. अंगात भिनलेली धास्ती ओसरायला वेळ लागतो. दुसऱ्या रात्री ठाणावर उभा असताना कुठेतरी एक सुतळी बॉम्ब वाजतो आणि घोडा मेखेसकट निघून जातो. मालकाला प्रश्न पडतो, की कालच्या इतक्या गोंगाटात जो हलला नाही, तो आज एका फटाक्याला कसा भ्याला. मला वाटतं, कालच्या गोंगाटामुळेच.

इथे 'गरीब' घोड्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळी फसगत तिथे होते.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१३ साली एक साधी गोष्ट तपासली. घोड्यांचे केस यंत्राने कातरतात. काही घोडे त्या वेळी थयथयाट करतात, काही निमूट उभे राहतात. दोन्ही गटांच्या हृदयाचे ठोके, लाळेतलं ताण दाखवणारं द्रव्य, डोळ्यांचं तापमान मोजलं. वरून जमीन-अस्मानाचा फरक दिसत होता. आतून दोन्ही गट सारखेच त्रासले होते. निमूट घोडा फक्त सांगत नव्हता. फ्रान्समध्ये कॅरोल फ्युरेक्स आणि सहकाऱ्यांनी घोडेस्वारीच्या शाळेतले घोडे पाहिले. त्यातले काही घोडे मान पाठीच्या रेषेत ताणून, डोळे उघडे ठेवून, कान न हलवता, भिंतीकडे पाहत उभे राहायचे. स्पर्श केला तरी दखल घ्यायचे नाहीत. संशोधकांनी त्या अवस्थेची तुलना माणसाच्या नैराश्याशी केली. अशा घोड्याला गिऱ्हाईक सहज मिळतं; मुलांना बसवायला चांगला, असं सांगून तो विकला जातो.

खरी विश्रांती दिसते कशी, हे बघायचं तर माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, गर्दी नसलेल्या दुपारी, उभ्या घोड्यांकडे नुसतं पाहत राहावं. मागचा एक पाय खुराच्या टोकावर सैल टेकवलेला, खालचा ओठ लोंबता, पापणी अर्धी मिटलेली, कान दोन बाजूंना ढिले. माशी बसली की कातडी तेवढ्यापुरती थरथरते, शेजारचा घोडा हलला की एक कान तिकडे वळतो. तो शांत आहे. भिंतीकडे बघणारा, कान न हलवणारा घोडा गप्प आहे. गप्प घोडा किती काळ गप्प राहील, याची हमी कुणी देऊ नये.

तो गप्प का होतो, याची कारणं पुष्कळदा दुखण्यात निघतात. घोडा हे भक्ष्याचं जनावर. दुखणं लपवणं हा त्याच्या जगण्याचा नियम. खूर दुखत असेल, पाठ दुखत असेल, दाढ टोकदार होऊन गाल सोलत असेल, तरी तो कुत्र्यासारखा कण्हत नाही. आणि पोट तर त्याचं कायमचं नाजूक. रानातला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोट रिकामं असलं तरी. गवत आणि लाळ यांनी ते बोथट होत राहावं, अशी निसर्गाची मांडणी. आपण त्याला सकाळ-संध्याकाळ चंदीचा तोबरा देतो, मध्ये मूठभर वैरण, आणि रात्री आठ ते पहाटे पाच रिकाम्या गव्हाणीसमोर उभं करतो. शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण किती सर्रास आढळतात, हे जगभरच्या तपासण्यांतून दिसून आलं आहे. पोटशूळ उठला तर घोड्याला ओकताही येत नाही. जे आहे ते आतच फिरत राहतं. तो वळून पोटाकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, बसतो, उठतो, लोळतो. लोळताना भिंतीला पाय अडकून पडला तर घाबरून जे झटके देतो, त्यात दार जाऊ शकतं. अशा रात्री फुटलेलं दार हे मस्तीचं लक्षण समजून घोड्याला शिक्षा करणारे लोक आहेत. सालोत्र्याला बोलवायच्या वेळी चाबूक शोधणाऱ्याला घोडा ठेवू देऊ नये, असं माझं मत आहे.

झोपेचंही असंच. घोडा उभ्याने झोपतो, हे शाळेत शिकवतात. ते अर्धसत्य आहे. उभ्याने तो डुलकी घेतो. ज्या झोपेत स्नायू पूर्ण सैल पडतात, ती गाढ झोप त्याला आडवं पडूनच घ्यावी लागते, आणि त्याला ती रोज अर्धा-पाऊण तास तरी लागते. मात्र आडवं पडणं म्हणजे पळायला उशीर होणं. म्हणून कळपात एखादा जागा असतो आणि बाकीचे झोपतात. नव्या जागी आणलेला, एकटा ठेवलेला, ओल्या फरशीवर बांधलेला घोडा कित्येक रात्री आडवाच होत नाही. सकाळी त्याच्या कुशीला गवताची काडी चिकटलेली नसेल तर तो झोपलेला नाही. ही खूण तपासायला काही लागत नाही, खरारा करणाऱ्याला ती आपोआप दिसते. पण खरारा करणाऱ्याचा पगार ठरवणाऱ्याला दिसत नाही.

कळपाचा विषय निघालाच आहे तर एकटेपणाबद्दल. घोडे सुटण्याच्या कारणांमध्ये भीतीच्या खालोखाल मी सोबतीला धरीन. शेजारच्या ठाणावरचा घोडा शर्यतीला, विक्रीला किंवा दवाखान्यात नेला, की मागे राहिलेला खिंकाळत राहतो, खोलीत गोल गोल फिरतो, चंदी तोंडात घेऊन दाराकडे येतो. जुन्या लोकांनी म्हणूनच एकट्या, अस्वस्थ घोड्याजवळ बकरी बांधायची रीत ठेवली. रेसच्या तबेल्यांत ती जगभर चालते. घोडीची तऱ्हा वेगळी. उन्हाळ्याकडे दिवस मोठे झाले की तिचं सुमारे एकवीस दिवसांचं चक्र सुरू होतं, आणि त्यातले काही दिवस वाऱ्यावरून आलेला वास दोन ठाणांवर एकाच वेळी गोंधळ उडवून देतो. नर घोडा असला तर त्या आठवड्यात दोर नवा असावा.

नुसती कडी सरकवून गेलेल्या घोड्याकडे आता यायला हरकत नाही. जर्मनीत कॉन्स्टान्झे क्रूगर यांनी घोड्यांच्या दारं उघडण्याचा रीतसर अभ्यास केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात घोडेमालकांकडून जमवलेल्या शेकडो नोंदी आहेत. आडवा बोल्ट ओठांनी सरकवणं ही त्यांतली सोपी गोष्ट. उभे अडसर उचलणारे, मूठ फिरवणारे, एकामागून एक दोन-तीन कड्या काढणारे घोडे, गाढवं आणि खेचरं त्यात भेटतात. बाहेर पडून ते जातात कुठे? वैरणीकडे, सोबत्यांकडे, मोकळ्या जागी. काही जण तर शेजाऱ्याचंही दार उघडतात. म्हणून दाराला खाली, तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, दुसरा अडसर लावायची पद्धत आहे. ती लावावीच. पण ज्या घोड्याने रात्रभर बसून तुमची कडी अभ्यासली, त्याला दिवसभर दुसरं काहीच काम नव्हतं, हेही त्यासोबत ध्यानात घ्यावं.

याउलट भीमथडीचा घोडा पाहा. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही दख्खनी जात, मराठ्यांच्या दौडींची आठवण ज्याच्या नावाला चिकटली आहे तो हा बुटका, काटक घोडा. अलीकडेच त्याला स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. तो जगला तो राजवाड्यांमुळे नव्हे, धनगरांमुळे. बिऱ्हाडाचं सामान, कोकरं, कधी म्हातारं माणूस पाठीवर घेऊन तो मेंढरांमागे कोकणात उतरतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत वर येतो. त्याला तबेला नाही. दिवसभर चालणं, चालता चालता चरणं, रात्री पायबंद घालून पालाशेजारी, इतर घोड्यांच्या संगतीत उभं राहणं. त्यालाही बुजायला होतं, तोही उधळतो. पण दार फोडण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही, कारण फोडायला दार नाही. प्रत्येकाने घोडे माळावर सोडावेत, असं मी म्हणत नाही. पुण्या-मुंबईत माळ उरलाय कुठे? तबेल्यात बांधलेल्या घोड्याचं काय काय काढून घेतलं, याचा हिशोब लावायला मात्र धनगराचा घोडा उपयोगी पडतो.

नेहमीच्या वस्तूंनी घोडे कसे बिथरतात, याबद्दलही एक गंमत सांगण्यासारखी आहे. टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेत तरुण घोड्यांना मुलांच्या खेळण्यातल्या मोठ्या प्लास्टिकच्या घसरगुंडीची सवय लावली. तीन दिवस शेजारून नेलं. घोडे तिकडे बघेनासे झाले. मग तीच घसरगुंडी नव्वद अंशांनी फिरवून ठेवली. घोड्यांना ती नवीनच वाटली, पुन्हा तेच दचकणं. तबेल्यातही तेच घडतं: लीद वाहायची हातगाडी रोज डावीकडे असते, आज सुट्टीवरच्या माणसाच्या जागी आलेल्याने ती उजवीकडे उलटी उभी करून ठेवली. माणसाला यात काही घडलेलं दिसत नाही.

माणूस स्वतःही या हिशोबात धरायला हवा. स्वीडनमध्ये २००९ साली लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी लोकांना घोडे धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. काही फेऱ्यांनंतर सांगितलं, की या फेरीत घोडा पुढे गेला की छत्री उघडणार आहोत. छत्री उघडलीच नाही. पण ऐकताच माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले होते, आणि घोड्याचेही वाढले, त्याला तर छत्रीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. दोरावरून, हातावरून, श्वासावरून, कशावरून का होईना, त्याला कळलं. फटाक्यांच्या रात्री घाबरलेला, ओरडणारा मालक घोड्याला धीर द्यायला आत जातो तेव्हा तो नेमकं काय देतो, हे यावरून समजावं.

फटाक्यांचं सांगायचं ते शेवटी ठेवलं, कारण हा दिवाळीचा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा ते सुरू झालेले असतील.

न्यूझीलंडमध्ये २०१६ साली घोडेमालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. अकराशेच्या वर लोकांनी उत्तरं दिली. घोड्यांनी फटाक्यांमुळे कुंपण तोडल्याचं ३५ टक्के जणांनी सांगितलं. फटाक्यांमुळे घोडे जखमी झाल्याचं २६ टक्के जणांनी. सगळ्यांत जास्त आढळलेली प्रतिक्रिया म्हणजे सैरावैरा धावणं. तिथे घोडे बहुतेक मोकळ्या कुरणात असतात, म्हणजे त्यांना धावायला निदान जागा तरी असते. आपल्याकडच्या तबेल्यातल्या घोड्याला तीही नाही. आणि तिकडचे फटाके मोजक्या रात्रींचे. आपले वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आणि पुढे लग्नसराईत.

आपल्या नियमांत चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायला बंदी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायला बंदी आहे. दवाखाने, शाळा, न्यायालयांभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र असतं. तबेल्यांचं नाव त्या यादीत नाही. हे नियम आपण कसे पाळतो, ते मी सांगायला नको.

दिवाळीत तबेल्यात आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. निम्मे मोतद्दार गावी जातात. रपेट चुकते. काम नसताना चंदी मात्र नेहमीइतकीच घातली जाते, सणाच्या नावाखाली वर गूळही. ओळखीच्या हाताऐवजी अनोळखी हात लगाम धरतो, खाण्याच्या वेळा पुढेमागे होतात, शेजारचा घोडा वरातीला गेलेला असतो. तीन दिवसांत इतकं सगळं साचलं, की चौथ्या रात्रीच्या फटाक्यासाठी काही मोठा आवाज लागत नाही.

घोडा ठेवणाऱ्यांना म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्या दिवसांत घोड्याची जागा आणि शेजारी बदलू नका. चंदी कमी करा, सुकी वैरण भरपूर ठेवा; तोंड चालू असलेला घोडा लवकर बिथरत नाही. दिवसा चांगली रपेट द्या. रात्री तबेल्यात मंद दिवा राहू द्या, म्हणजे बाहेरचा लखलखाट एकदम डोळ्यांत जाणार नाही, आणि रेडिओ लावून ठेवा. दाराला बाहेर आलेला खिळा, लोंबती तार संध्याकाळीच काढा. रोजचा मोतद्दार राहणार असेल तर त्याला दिवाळीचा दुप्पट पगार द्या; एका शस्त्रक्रियेपेक्षा तो स्वस्त पडतो. थैमान घालणाऱ्या घोड्याच्या खोलीत कुणी शिरू नका.

ज्यांच्याकडे घोडा नाही अशांना, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना, रस्त्यावर सुटलेला घोडा दिसला तर गाडी कडेला घ्या, इंजिन आणि मोठे दिवे बंद करा, हॉर्न वाजवू नका, मागे धावू नका, हात पसरून आडवे जाऊ नका. मागे कुणी लागलं की घोड्याला आणखी लांब पळायचं कारण मिळतं. दुसरा शांत घोडा घेऊन किंवा चंदीची बादली वाजवत त्याचा माणूस आला की तो बहुधा स्वतःच थांबतो. आणि तुमच्या गल्लीजवळ, बाजाराच्या मागे, मैदानाच्या कडेला तबेला असेल तर या वर्षी पहिली लड लावण्याआधी तिथे जाऊन किती वाजता वाजवणार ते सांगून या. मालक नसेल भेटला तरी चालेल, मोतद्दाराला सांगा.